आठ आणे पीक की चौदा आणे?

दर्यापूरजवळच्या आमच्या गावी आबाजींना कुणी विचारलं, "यंदा पऱ्हाटी कशी हाय?", म्हणजे कापसाचं पीक कसं आहे, की ते आधी विचारणाऱ्याचं तोंड पाहतात. "पटवाऱ्याले सांगाचं आठ आणे, अन् पोरासाठी सोयरीक घेऊन आलेल्याले सांगाचं चौदा आणे!"

हे आणे खिशातले नव्हेत. रुपयाचे सोळा आणे असायचे तेव्हाची ही भाषा: भरघोस पीक म्हणजे सोळा आणे, निम्मं म्हणजे आठ. शेतावर नजर टाकायची नि आकडा ठरवायचा, ही झाली आणेवारी. आणे गेले, आता पैसेवारी आली. ती पन्नास पैशांच्या खाली उतरली की गावोगाव दुष्काळाची बोलणी सुरू होतात.

अमरावतीहून माझ्यासोबत आलेल्या गुड्डीला, म्हणजे माझ्या सातवीतल्या भाचीला, हे काही पटेना. "मग आबाजी, खरा आकडा कोणाले माहीत असते?"

"कापसाले," आबाजी म्हणाले.

आणि कापसालाच विचारायचं, हे आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात खरंच झालं! 1942च्या सुमारास वि. गो. पानसे नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने इथे कापसाची पाहणी केली. कलमकर हे आणखी एक शास्त्रज्ञ त्यांच्या जोडीला होते. सगळा जिल्हा तोलणं कुणाच्या बापाला जमणार? म्हणून त्यांनी काही गावं, त्या गावांतली काही शेतं आणि शेतातला एकेक तुकडा निवडला. तुकड्यातला कापूस वेचून तोलला. निवडताना ना ओळखपाळख, ना नजर. सगळं चिठ्ठ्या टाकल्यासारखं. याच कामाला आज 'पीक कापणी प्रयोग' म्हणतात.

शितावरून भाताची परीक्षा, असं तुम्ही म्हणाल. पण भात एका पातेल्यात शिजतो, जिल्हा थोडाच एका पातेल्यात शिजतो! इथे एका बाजूला काळी कसदार जमीन, दुसऱ्या बाजूला पूर्णा नदीकाठचा खारपाणपट्टा. तिथे विहिरीचं पाणीच खारं. सडकेच्या कडेची दोन शेतं पाहून कुणी निघून गेलं, तर खारपाणपट्ट्याची गोष्ट त्याच्या कानावर पडणारच नाही.

आता वही काढा. समजा, पाच शेतं आहेत. एकरी कापूस 4, 6, 7, 9 आणि 14 क्विंटल. सरासरी 8. पण हे आपल्याला ठाऊक नाही असं धरा, आणि चिठ्ठ्या टाकून दोनच शेतं तोला. दोघांच्या जोड्या किती? दहा. नशीब फुटकं असेल तर 4 आणि 6 निघतील, सरासरी 5! नशीब जोरात असेल तर 9 आणि 14, म्हणजे 11.5. खऱ्या 8 पासून दोन क्विंटलच्या आत, म्हणजे 6 ते 10 मध्ये उत्तर येण्याची संभाव्यता किती? दहाही जोड्या लिहून मोजा: 10 पैकी 6.

दोनऐवजी तीन शेतं तोलली तर? तिघांचे गटही दहाच होतात, पण आता 10 पैकी 9 गट त्या हद्दीत बसतात. चार शेतं तोलली तर पाचही गट बसतात. गंमत पुढेच आहे. दोघांच्या त्या दहा सरासऱ्यांची बेरीज करून दहाने भागा. उत्तर नेमकं 8! एकेक जोडी चुकते, पण सगळ्या जोड्या मिळून कुठल्याही एका बाजूला झुकत नाहीत. हे आणेवारीला जमत नाही, कारण तिथे सोयरा मधे येतो.

शेत ठरलं, आता तुकडा कुठला? आबाजींचं शेत 100 मीटर लांब, 60 मीटर रुंद आहे असं धरू. तुकडा 10 मीटर बाय 5 मीटरचा. नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, आणि किती मीटर लांबीकडे, किती रुंदीकडे जायचं ते चिठ्ठी सांगणार. लांबीकडे 0 ते 90, रुंदीकडे 0 ते 55. गुड्डीने विचारलं, शंभरपर्यंत काहून नाही? कारण 95 वर दहा मीटरचा तुकडा आखला, तर तो धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात जाईल, अन् मग भांडण! म्हणून तुकड्याच्या जागा 91 गुणिले 56, म्हणजे 5096. प्रत्येकीची संधी सारखी.

आम्ही 0 ते 9 च्या चिठ्ठ्या पिशवीत टाकल्या. एक काढायची, परत टाकायची, पुन्हा काढायची. दोन अंक मिळून 00 ते 99. लांबीसाठी 97 आला. "90 धरून टाका ना!" गुड्डी म्हणाली. चालणार नाही. 91 ते 99 चे नऊही आकडे 90 च्या खात्यात घातले, तर बिचाऱ्या 37 ला एक संधी आणि 90 ला दहा. सोडून द्यायचं, पुन्हा काढायचं.

आणि एक मीटर बाय एक मीटरचा चिमुकला तुकडा का नको? त्यात मोठी मेख आहे. हद्दीवरचं झाड आत की बाहेर? वेचणाऱ्याचा हात हळूच आत ओढतो. चिमुकल्या तुकड्यात एका चौरस मीटरला 4 मीटर हद्द येते. मोठ्यात 50 चौरस मीटरला 30 मीटर, म्हणजे चौरस मीटरमागे फक्त 0.6. साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे यांनी अकोल्याच्या पाहणीच्याच दशकात दाखवून दिलं होतं की फार लहान तुकडे पीक फुगवून सांगतात. पुढे 1954 मध्ये पानसे आणि सुखात्मे यांनी मिळून शेतीच्या संख्याशास्त्रावर पुस्तक लिहिलं.

शेवटी आमच्या चिठ्ठ्या निघाल्या: 62 आणि 08. टेप धरून गेलो, तर तिथे पाणी साचून झाडं पिवळी पडलेली, बोंडं चार-दोनच. बाजूलाच पांढरंशुभ्र फुटलेलं.

"आबाजी, दोन पावलं सरकवू का?" गुड्डीने हळूच विचारलं.

आबाजींनी तिच्या हातात खुंट्या दिल्या. "तिथंच ठोक वं. सोयरा नाही आला आज."