आधी मराठीत ऐकलेली इंग्रजी गोष्ट

लोहारा तालुक्यातल्या सास्तूरसारख्या गावांतल्या मराठी शाळांत २००० पासून पहिलीतच इंग्रजी शिकवलं जातं. पण वर्गाबाहेर ती भाषा कानावर पडतच नाही आणि अक्षरं ओळखणारं मूलही वाक्यापाशी अडतं.

या अडचणीवर गोष्ट हा फार चांगला उपाय आहे. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये एक कल्पना मांडली: पडद्यावर जे बोललं जातं, तेच त्याच भाषेत खाली लिहून दाखवायचं. त्यातून २००४ मध्ये ‘बुकबॉक्स’च्या सचित्र चलत्-गोष्टी आल्या. निवेदक जो शब्द उच्चारतो, त्याच क्षणी तो रंगतो. मुलाच्या डोळ्याला आणि कानाला तोच शब्द एकदम भेटतो. चित्र अर्थ सांगतं. अडलं तर गोष्ट मागे न्यायची, दहादा ऐकायची. कुणी हसत नाही, कुणी रागावत नाही. चाचपडणाऱ्या मुलाला हाच मोठा आधार असतो.

‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनाचं ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ मध्ये सुरू झालं. तिथल्या अनेक गोष्टी मराठीत आणि इंग्रजीतही आहेत, चार वाचनपातळ्यांत. कथानक आधी मराठीत कळलेलं असलं, की इंग्रजी वाचताना सगळं लक्ष शब्दांकडे देता येतं.

मोबाइलवरचं असं साहित्य पाठ्यपुस्तकाशीही जोडता येतं. सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीत, शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला.

मात्र नुसता मोबाइल हातात देऊन भागत नाही. गोष्ट मध्येच थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असं विचारणारं मोठं माणूस शेजारी हवंच. ‘स्टोरीवीव्हर’वरची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. शिक्षकांनी आणि पालकांनी या आठवड्यात एक तरी गोष्ट मुलांसोबत वाचावी.