हिरवळीखालची वाळू

ज्या पावसाने इंदुरीजवळ इंद्रायणी दुथडी भरून वाहते, तोच मावळातील गहुंजे येथील क्रिकेटच्या मैदानावरही कोसळतो. टोरांटो शहरी १९८९ साली बेसबॉलच्या क्रीडागारास सरकते छप्पर करण्यात आले. २०१२ साली खुल्या झालेल्या गहुंज्याच्या क्रीडागारात मात्र हे काम हिरवळीखालील वाळूवर सोपविले आहे. चिकणमाती पाणी धरून ठेविते. वाळूच्या कणांमधील पोकळ्यांतून ते त्वरेने खाली निचरते. परंतु जी भूमी पाणी लवकर सोडते, तिला उन्हाळ्यात तहानही लवकर लागते. २०१६ साली दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे आय.पी.एल. सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला, तेव्हा येथील काही सामने विशाखापट्टणमला गेले. पावसाचा बंदोबस्त वाळू करिते. टंचाईतील पाण्याची वाटणी माणसांनाच करावी लागते.