समुद्राखालचं पेव

बसा रे जवळ, कंदिलाची वात जरा वर करा. आपल्याकडे पूर्वी जमिनीत पेवं खणायचे, आणि जाणता माणूस आत नुसता डोकावून सांगायचा की यात इतकी खंडी ज्वारी मावेल. पण नॉर्वेजवळ उत्तर समुद्रात, स्लाइपनर म्हणतात तिथे, असं एक पेव आहे की त्यात डोकावायची सोयच नाही, कारण ते पोकळ नाहीच मुळी. तो आहे उत्सिरा नावाचा वाळूच्या खडकाचा दोनेकशे मीटर जाड थर, समुद्रसपाटीपासून किलोमीटरभर खोल, आणि त्याच्या कणाकणांमधल्या फटी खाऱ्या पाण्याने आधीच तुडुंब भरलेल्या!

तिथल्या विहिरींतून जो इंधनवायू निघतो ना, त्यात शेकडा नऊ भाग कार्बन डायऑक्साइड. तो हवेत सोडावा तर सरकारने १९९१ मध्ये बसवलेला कर भरा, म्हणून १९९६ पासून तो वेगळा काढून, वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास, या थरात कोंबू लागले. इतक्या खोलात तो दबून असा दाट होतो की धड वायू नाही, धड द्रव नाही. तरी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकाच, म्हणून लागतो वर चढायला. जहाजातून आवाजाच्या लहरी सोडून त्यांचे पडसाद टिपले, तेव्हा काय दिसलं? वाळूत मधेमधे चिकणखडकाचे मीटरभर जाडीचे पापुद्रे, प्रत्येकाखाली हा पाहुणा थबकलेला, आडवा पसरलेला, अशा नऊ पंगती, आणि सर्वांत वर जाडजूड चिकणखडकाचं झाकण.

मग मापायचं कसं? लांबी, रुंदी, जाडी गुणली, फटींचा वाटा शेकडा पस्तीस-चाळीस धरला, की झालं? छे! वायू वरच्या अंगाने पळतो, खालचं पाणी जागचं हलत नाही, म्हणून अशा थरांत फटींतली शेकडा दोन-चार भागच जागा हाती लागेल असं धरतात. शिवाय पाण्याला सरकायला वाट हवी. त्याच देशात पार उत्तरेला, स्नोव्हिटला, २००८ पासून अडीच किलोमीटर खोल थरात वायू भरू लागले, तर दाब अंदाजापेक्षा भराभर चढला. आणखी रेटावं तर खडकच तडकायचा, म्हणून २०११ मध्ये भरणं वरच्या दुसऱ्या थराकडे वळवावं लागलं.

तेव्हा उद्या कुणी नकाशा पसरून म्हणालं, इथे अब्जावधी टन मावतील, तर मान डोलावण्याआधी एवढं विचारा: भोक पाडून दाब मोजलात का?