मृगयेचा मक्ता : हरीण कोणाचें आणि पैसा कशाचा

हरणांच्या शिकारीचा हक्क पैसे भरून घेणें परवडतें कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या वऱ्हाडांत आज कायद्यानेंच मिटविला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं काळवीट, चितळ, सांबर यांची शिकार आज बंद आहे. शौकासाठीं तिचा परवाना मिळत नाहीं, आणि कोणा खातेदारास आपलें रान शिकाऱ्यास मक्त्यानें देतां येत नाहीं. तरी हा विषय येथें घेण्यास दोन कारणें आहेत. एक, जुनीं दप्तरें जमविणाऱ्यांच्या हातीं इजारे, मक्ते, जंगलखात्याच्या पावत्या व बंदुकीचे परवाने वरचेवर येतात, आणि ते किरकोळ समजून बाजूस टाकले जातात. दुसरें, दर्यापूर तालुक्यांत काळविटांचे कळप हरभरा फस्त करून गेले म्हणजे 'पैसे घेऊन शिकार खुली करा, सरकारासहि मिळेल व आम्हांसहि' असें म्हणणारे भेटतात. अशा व्यवहारांत पैसा नेमका कशाचा दिला जातो, हें पाहिल्यावांचून कागदहि लागत नाहीं व त्या म्हणण्याचें मोलहि ठरत नाहीं.

आरंभीं हरीण कोणाचें, हें ठरविलें पाहिजे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत बीज व क्षेत्र यांचा वाद चालला असतां दोन दृष्टान्त दिले आहेत. ज्यानें खुंट उपटून जमीन वहितीस आणिली त्याचें शेत, आणि ज्याचें शल्य अंगांत रुतलें त्याचा मृग. त्याच्याच मागील श्लोकांत असेंहि सांगितलें आहे कीं, आधीं विद्ध झालेल्या मृगावर दुसऱ्यानें बाण टाकिला तर तो वायां जातो. म्हणजे बाण लागेपर्यंत हरीण कोणाचेंच नाहीं, व लागतांच तें पहिल्या बाणाच्या धन्याचें. रोमन धर्मशास्त्र्यांतहि हा प्रश्न उपस्थित झाला होता, परंतु इ. स. ५३३ मध्यें जस्टिनियन बादशहानें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत निर्णय उलट दिला आहे. नुसतें घायाळ करून भागत नाहीं, प्रत्यक्ष हातीं लागलें तरच तें आपलें, कारण मध्यंतरीं तें निसटण्यास वाव असतो. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. ज्या शेतांत हरीण चरलें त्या शेताचा धनी कोठेंच मोजलेला नाहीं.

मग जें कोणाचेंच नाहीं त्याबद्दल पैसा कोण घेतो ? राजा घेतो, पण केव्हां घेतो, यांत सर्व मर्म आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सूनाध्यक्षाचें प्रकरण आहे. (१९०५ सालीं तंजावर प्रांतांतील एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयांत आणून दिलेली पोथी शामशास्त्र्यांच्या हातीं पडली व १९०९ मध्यें ती छापून निघाली. पोथ्या सांभाळणाऱ्यांनीं हें उदाहरण विसरूं नये.) त्यांत अभयवनांतील मृगांस बांधणाऱ्यास वा मारणाऱ्यास उत्तम दंड सांगितला आहे. ज्यांस अभय दिलेलें नाहीं व ज्यांची हिंसा रूढ आहे, त्यांच्याबद्दल सहावा भाग घ्यावा, मासे-पक्षी यांचा दहावा किंवा अधिक, मृगपशूंवर शुल्कहि. एवढेंच नव्हे, जिवंत धरलेल्या पक्षिमृगांचा सहावा भाग अभयवनांत सोडून द्यावा असाहि विधि आहे. येथें राजाचा वांटा हातीं आलेल्या पारधीवर आहे. शिकारी रिकाम्या हातानें परतला तर राजाचेंहि तितकेंच नुकसान. आजचा 'अभयारण्य' हा शब्द त्या अभयवनाचाच वंशज दिसतो.

इंग्रजी अमलांत ही रीत पालटली. १८७८ च्या व पुढें १९२७ च्या जंगल कायद्यान्वयें राखीव रानांत नियमाबाहेर शिकार करणें गुन्हा झाला. मध्यप्रांत-वऱ्हाडांत राखीव जंगलाचे शिकारीसाठीं तुकडे पाडून ठेविलेले असत. परवाना घेणाऱ्यास एक तुकडा ठराविक मुदतीसाठीं मिळे, आणि कोणत्या जातीचीं किती जनावरें मारावीं याची मर्यादा असे. फी आगाऊ भरावयाची. सांबर दिसलें नाहीं म्हणून ती परत मिळत नसे. कौटिल्याच्या पद्धतींत रिता दिवस दोघांच्या अंगावर पडे, येथें तो सर्वस्वीं शिकाऱ्याच्या अंगावर पडला.

अशा स्थितींत दर्यापूरच्या माणसानें मेळघाटचा परवाना काढावा काय ? केवळ हरीण पाहिजे असेल तर त्याची गरज नव्हती. पयनघाटांत राखीव रान जवळजवळ नाहींच. काळवीट पूर्णेच्या काळ्या जमिनींत, पिकांत व पडितांतच नांदतो. उलट मेळघाटांत जावयाचें म्हणजे एलिचपूर-परतवाड्यावरून घाट चढणें, गाडी-बैल, वाटाड्या, मचाण, हाक्याची माणसें व त्यांची मजुरी. हा वरखर्च फीच्या पावतीवर कोठेंच लिहिलेला नसतो, म्हणून केवळ पावती पाहून 'शिकार स्वस्त होती' असा सिद्धान्त काढणें धाडसाचें होईल. तथापि लोक परवाने काढीत, आणि तेहि मूर्ख नव्हते. त्यांनीं विकत घेतलें तें हरीण नव्हे. त्या मुदतींत त्या तुकड्यांत दुसरा धनुर्धर येणार नाहीं, ही हमी त्यांनीं घेतली. पहिला बाण आपलाच असावा, एवढ्यासाठीं तो पैसा होता. ज्यास एकान्ताची किंमत वाटे त्यास तो परवडे, ज्यास मांसाची वाटे त्यास परवडत नसे.

ठाम रक्कम आणि वांटा यांतील हा भेद वऱ्हाडकरांस नवा वाटूं नये. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांकडे आला, तेव्हां व १८६० च्या तहांतहि खर्च वजा जातां उरेल ती शिल्लक निजामास द्यावयाची होती. १९०२ मध्यें तें मोडून कायमचा पट्टा झाला, वर्षास २५ लक्ष रुपये ठाम. पीक बुडालें तरी २५, उत्पन्न दुप्पट झालें तरी २५. शिल्लक मोजण्याचा वाद मिटला आणि वाढाव्याचा लाभ पट्टेदाराकडे गेला. शिकारीचा परवाना व हा पट्टा हीं एकाच जातीचीं कागदें आहेत, लहानमोठेपणा सोडला तर.

परदेशांतील दोन रीती येथें ताडून पाहाव्या. अमेरिकेतील टेक्सास संस्थानांत रानटी हरीण लोकांच्या मालकीचें मानितात. जमिनीचा धनी पैसे घेतो ते आपल्या कुंपणाच्या आंत येऊं देण्याबद्दल. जर्मनींत १८४८ पासून शिकारीचा हक्क जमिनीस जोडला गेला. तथापि ज्याची सलग जमीन साधारणपणें ७५ हेक्टरांहून कमी आहे त्यास स्वतंत्र शिकार करतां येत नाहीं. अशा सर्व लहान शेतांचा मिळून एक संघ होतो व तो संघ मक्ता देतो. मुदत बहुधा नऊ वर्षांची असे, कारण अल्प मुदतीचा मक्तेदार रान ओरबाडून जातो. आणि मुख्य कलम असें कीं, जनावरांनीं पिकाची जी नासाडी केली तिची भरपाई संघानें द्यावी, व मक्तापत्रांत ती जोखीम बहुधा मक्तेदारावरच टाकिलेली असते. मनूच्या व रोमन निर्णयांत जो शेतकरी गळाला, तो येथें हिशेबांत आला.

आमच्या इकडे मात्र मक्त्याविना शिकार करणारा एक वर्ग पिढ्यान्पिढ्या होता. फासेपारध्यांचा फास हेंच त्यांचें भांडवल. 'पारध' हा शब्द संस्कृत कोशांतील 'पापर्द्धि' याशीं लावितात, म्हणजे पापाची वृद्धि. आमच्या मतें हें संस्कृत रूप प्राकृत 'पारद्धि'वरून उलट घडविलें असावें, कारण धंद्यास स्वतः शिव्या देणारें नांव कोणी ठेवीत नाहीं. १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का या लोकांवर बसला तो १९५२ मध्यें तो कायदा रद्द होईपर्यंत. परवानेवाल्याची ती मृगया, पारध्याची ती चोरी.

असो. दर्यापूरच्या मागणीकडे वळूं. येथील खारपाणपट्ट्यांत विहिरीचें पाणी खारें, म्हणून हरभरा जमिनींतील ओलीवरच येतो. कोंब खाल्ले गेले तर ओल संपलेली असते व दुसरी पेरणी होत नाहीं. गेलेलें पीक त्या वर्षापुरतें गेलेंच. कळप एका रात्रींत अनेकांच्या शेतांतून फिरतो. समजा, उद्यां मक्ते खुले झाले. तर एकाच्या हरभऱ्यावर पोसलेला काळवीट दुसऱ्याच्या बांधावर पडेल, पैसा त्या दुसऱ्यास मिळेल, आणि ज्याचें शेत खाल्लें तो आज जसा पंचनाम्याची वाट पाहतो तसाच पाहत राहील. नुकसान भरून देण्याचें कलम नसेल तर असा मक्ता शेतकऱ्यास कोणत्याहि किंमतीस परवडणार नाहीं, आणि तें कलम खरोखर घातलें तर मक्तेदारास परवडेल असें आम्हांस वाटत नाहीं. काळविटाचें त्यांत काय होईल हा प्रश्न तर निराळाच. ज्या भूमींत कृष्णसार स्वभावतः वावरतो ती यज्ञास योग्य, असें ज्या स्मृतीनें सांगितलें, तिच्या वाचकांनीं तोहि मनांत वागवावा.

संग्राहकांस विनंति इतकीच कीं, असा कागद हातीं आल्यास रकमेपूर्वीं चार गोष्टी टिपून घ्याव्या : पैसा आगाऊ आहे कीं पारधीच्या वांट्यानें, मुदत किती, दुसऱ्यास मज्जाव आहे काय, आणि पिकाच्या नुकसानीचा उल्लेख आहे काय. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याखालील बंदुकीच्या परवान्यांत पीकरक्षण हें कारण दिलेलें आढळल्यास तो परवाना शिकारीच्या कागदांत मिसळूं नये. त्याचा वर्ग वेगळा. वऱ्हाडच्या जुन्या कागदांवर फसली सन असतो. त्यांत ५९० किंवा, वर्षाच्या उत्तरार्धांतील मिति असल्यास, ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. उत्तरेकडील फसलीस ५९२ वा ५९३ लागतात, आणि या दोन वर्षांच्या फरकानें १९०२ च्या अलीकडील कागद पलीकडे जाऊन पडतो.