चुलीलगतच्या भिंतीची सजावट
घरातील अग्निस्थान, त्याच्या मागील व बाजूंच्या भिंती, वरील फळी वा माळा आणि समोरची जमीन यांची उपयोग व शोभा या दोन्ही हेतूंनी केलेली मांडणी. शीत हवामानाच्या देशांत भिंतीत बसविलेले व धुराडे असलेले अग्निस्थान हे दिवाणखान्याचे मुख्य अंग असल्यामुळे गृहशोभनात या भागाला मानाचे स्थान मिळाले. महाराष्ट्राच्या किनारपट्टीत केवळ उबेसाठी घरात अग्नी ठेवण्याची गरज क्वचितच भासते. रत्नागिरी येथे जानेवारीतील सरासरी किमान तापमानही सु. १८°–१९° से. असते. तेथे अग्निस्थान म्हणजे स्वयंपाकाची चूल. दोन्हीकडील सजावट वरवर अत्यंत भिन्न दिसली, तरी ती एकाच गोष्टीवर अवलंबून असते आणि ती म्हणजे धुराची वाट. धूर धुराड्यातून थेट बाहेर गेला, तर भिंत स्वच्छ राहते आणि तिच्यावर संगमरवर, आरसा, चित्र इ. टिकतात. धूर घरात फिरून कौलांच्या फटींतून बाहेर पडत असेल, तर भिंत वारंवार सारवावी लागते आणि ते सारवणे हीच तिची सजावट होते.

यूरोपातील परंपरा : मध्ययुगीन यूरोपातील मोठ्या दालनांत अग्नी जमिनीच्या मध्यभागी पेटवीत व धूर छपरातील झरोक्यातून निघून जाई. अकराव्या-बाराव्या शतकांत नॉर्मन किल्ल्यांच्या जाड भिंतींत अग्निस्थाने बांधली जाऊ लागली. धूर दालनात पसरू नये म्हणून त्यांवर भिंतीतून पुढे आलेले दगडी वा गिलाव्याचे छत्र असे. आज अग्निस्थानावर जी शोभेची फळी दिसते, तिचे मूळ या छत्रात आहे. म्हणजे मुळात ती धूर अडविण्याची सोय होती. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात धुराडी सर्वसामान्य झाली. सतराव्या शतकात नेदर्लंड्समध्ये अग्निस्थानाच्या आतील व बाजूच्या भिंतींना निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरश्या बसवीत. काजळी फडक्याने पुसता यावी, हा त्यामागील हेतू होता. त्याच शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये फळीच्या वर मोठा आरसा लावण्याची पद्धत रूढ झाली. इटालियन उत्कीर्णक पिरानेसी (१७२०–७८) याने तर १७६९ मध्ये अग्निस्थानांच्या सजावटीच्या आराखड्यांचा स्वतंत्र ग्रंथच रोम येथे प्रसिद्ध केला. त्यात ईजिप्शियन, इट्रुस्कन व रोमन अलंकरणाची रेलचेल आहे. मात्र आरसे आणि चित्रे खऱ्या अर्थाने सुरक्षित झाली ती काउंट रमफर्ड (१७५३–१८१४) याच्या सुधारणेनंतर. १७९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने अग्निस्थानाचा खळगा उथळ, बाजू तिरप्या आणि धुराड्याचा घसा अरुंद ठेवण्याची शिफारस केली. त्यामुळे उष्णता खोलीकडे परावर्तित होऊ लागली आणि खोलीत येणारा धूर पुष्कळच कमी झाला.

महाराष्ट्रात या पद्धतीची अग्निस्थाने प्रामुख्याने महाबळेश्वर, पाचगणी अशा थंड हवेच्या ठिकाणी, ब्रिटिशकालीन बंगल्यांत आढळतात. त्यांची सजावट इंग्रजी नमुन्याचीच असते; तीत स्थानिक असे फारसे काही नाही. घाट उतरताच हा प्रकार संपतो.

रत्नागिरीचे घर व चूल : ओटी, पडवी, माजघर आणि मागील बाजूस स्वयंपाकघर असा कोकणी घराचा सामान्य आराखडा असतो. रत्नागिरी शहरातील लोकमान्य टिळकांचे (जन्म १८५६) आणि मालगुंड येथील कवी केशवसुतांचे (जन्म १८६६) जन्मघर ही दोन्ही स्मारके म्हणून जपलेली असल्याने अशा उतरत्या छपराच्या घराची कल्पना आजही प्रत्यक्ष पाहून येऊ शकते. भिंती बहुधा जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या असतात. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो व हवेत उघडा राहिल्यावर कठीण होतो. त्याचा छिद्रमय पृष्ठभाग मातीचा गिलावा घट्ट धरून ठेवतो. उघडा ठेवल्यास तीच छिद्रे काजळी शोषून घेतात व ती पुन्हा निघत नाही. त्यामुळे घराच्या इतर भिंती उघड्या चिऱ्यांच्या ठेवल्या, तरी चुलीमागची भिंत लिंपलेली असते. सतत तापणाऱ्या चिऱ्याचा रंग अधिक तांबडा होतो. जांभ्यातील पाणीयुक्त लोहसंयुगे उष्णतेने पाणी गमावतात, हे त्याचे कारण होय.

चूल मातीची असून मातीत भाताचे तूस व शेण मिसळून ती घालतात. तुसामुळे माती वाळताना व तापताना तडकत नाही. मुख्य चुलीच्या बाजूस जाळाचा उरलेला भाग घेणारे वैल असते व त्यावर भात मुरवणे, दूध तापत ठेवणे यांसारखी मंद आचेची कामे होतात. वास्तुशास्त्राच्या संकेतानुसार चुलीची जागा आग्नेय कोपऱ्यात असावी असे मानतात; प्रत्यक्षात मागील दार, विहीर आणि वाऱ्याची दिशा पाहूनही ती ठरविली जाई.

जुना स्वयंपाक बसून होत असे. सजावटीच्या दृष्टीने ही बाब सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. पाटावर बसलेल्या स्त्रीचा हात जमिनीपासून सु. एक मीटरपर्यंत सहज पोहोचतो. म्हणून भिंतीचा तेवढाच पट्टा कामाचा व म्हणून शोभेचाही असे. मीठ, काड्यापेटी, तेलाचा बुधला आणि दिवा यांसाठीचे कोनाडे याच उंचीवर ठेवीत. त्यांपैकी लहान व कमानदार कोनाड्यास देवळी म्हणतात. देवळीच्या कडेला चुन्याची बोट ओढून काढलेली रेघ हा या भिंतीवरील बहुतेक एकमेव स्थायी अलंकार होय. फुंकणी, सांडशी व पळ्या यांच्यासाठी भिंतीत लाकडी खुंट्या ठोकलेल्या असतात. शेजारी मडक्यांची उतरंड आणि घासून लख्ख केलेली तांब्यापितळेची भांडी मांडीत. काळपट भिंतीपुढे पितळेची झळाळी उठून दिसते, यात योगायोग किती व योजना किती हे ठरविणे कठीण असले, तरी परिणाम देखणा असतो.

सारवण : सकाळी चुलीतील राख काढून चूल व तिच्या पुढची जमीन शेणामातीच्या पातळ काल्याने पोतेऱ्याने सारवीत. भिंतीला काही दिवसांच्या अंतराने असा हात दिला जाई. बोटांच्या हालचालीमुळे ओल्या थरावर अर्धवर्तुळाकार रेषा उमटतात आणि वाळल्यावर त्या तशाच राहतात. सणावाराला भिंतीचा खालचा पट्टा कावेने रंगवून वरच्या कडेला चुन्याची पांढरी रेघ देत. चुलीपुढे शिरगोळ्याच्या पुडीची वा तांदळाच्या पिठाची लहान रांगोळी काढून चुलीला हळदकुंकू वाहत. भाद्रपदात गौरी आणल्यावर तिला घरभर फिरवितात. तेव्हा दारापासून काढलेली पावले स्वयंपाकघरापर्यंत जातात. आश्विनातील नवान्न पौर्णिमेस भाताची लोंबी, आंब्याची पाने इत्यादींची जुडी म्हणजे नवे दाराला व घरातील वस्तूंना बांधण्याची प्रथा आहे. या सर्व प्रकारांत एक समान सूत्र आढळते : काही तासांत वा दिवसांत धुराने, पाण्याने वा पायाखाली पुसून जाईल आणि पुन्हा काढता येईल, असेच चुलीजवळ काढले जाई.

चुलीमागच्या भिंतीवर चित्रे का नाहीत, याचे उत्तरही यातच आहे. पालघर जिल्ह्यातील वारली समाजात लग्नप्रसंगी आतील भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. दक्षिण कोकणात गणपती बसविण्याच्या जागेमागील भिंत रंगवितात व वर फळाफुलांची माटवी बांधतात. म्हणजे चित्रकलेची आवड वा कौशल्य यांची कोकणात उणीव नव्हती. ती कला धुरापासून दूर असलेल्या भिंतींवर गेली.

चुलीवरील जागा : यूरोपीय अग्निस्थानाच्या वर आरसा असतो, कोकणी चुलीच्या वर बांबूची ताटी वा माळा. जून ते सप्टेंबर या काळातील मुसळधार पावसात घरातील एकमेव खात्रीची कोरडी जागा हीच. ताटीवर ओले सरपण, नारळाची सोडणे व करवंट्या वाळत टाकीत. खाली लसणाच्या जुड्या व बियाण्यासाठी राखलेली कणसे टांगीत. काकडी व भोपळ्याच्या बिया राखेत घोळून भिंतीला चिकटवून ठेवण्याचीही पद्धत होती. कीड लागू नये आणि पुढील हंगामापर्यंत बी टिकावे, असा हेतू. राखाडी भिंतीवरील या बियांच्या ओळी अजाणत्या पाहुण्याला नक्षीच वाटावी, इतक्या नेटक्या लावलेल्या असत. धुरातील डांबरी अंश वासे व रिपा यांवर बसून त्यांना काळी चकाकी येते आणि त्यामुळे लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून त्यांचे काही प्रमाणात रक्षण होते.

धुराचे दुष्परिणाम : लाकडाला व बियाण्याला उपकारक ठरणारा हा धूर चुलीपुढे बसणारीला मात्र घातक होता. ज्या हातांनी भिंत सारवली, त्या स्त्रीच्याच डोळ्यांत व फुप्फुसांत तो जाई. घरात जाळलेल्या लाकूड, शेणी इ. जैव इंधनांच्या धुराचा डोळ्यांच्या व श्वसनमार्गाच्या विकारांशी निश्चित संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१० मध्ये त्याची गणना संभाव्य कर्करोगकारकांत केली. तेव्हा जुन्या स्वयंपाकघराच्या सौंदर्याचे वर्णन करताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत विकसित झालेली, धुराडे असलेली मगन चूल आणि १९८० च्या दशकात केंद्र शासनाने हाती घेतलेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हे या दिशेने झालेले प्रयत्न होत. धुराड्याची चूल आल्यावर भिंत प्रथमच स्वच्छ राहू शकली. परंतु माळ्यावरील सरपण पूर्वीसारखे वाळेना आणि छपराला कीड लागते, असा आक्षेपही अनेक ठिकाणी घेतला गेला. धुराड्याची काजळी वेळोवेळी न काढल्याने पुष्कळ चुली पुन्हा धुरकट झाल्या, हेही खरे.

ओटा व फरश्या : मोठा बदल घडविला तो गॅसच्या शेगडीने. मुंबईत नोकरी करणाऱ्या चाकरमान्यांबरोबर उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा गावच्या घरांत आला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस अधिक घरांपर्यंत पोहोचला. ओट्यामुळे भिंतीचा शोभनीय पट्टा एकदम सु. एक मीटर वर सरकला. जुने कोनाडे ओट्याखाली गेले वा बुजविले गेले आणि त्यांच्या जागी चकचकीत फरश्या आल्या. तेलकट डाग पुसण्यास त्या सोयीच्या आहेत. फुलाफळांची छापील चित्रे असलेल्या फरश्यांची अभिरुची मात्र वादग्रस्त म्हणावी लागेल. अनेक घरांत मागील पडवीत किंवा न्हाणीजवळ एक चूल पाणी तापविण्यासाठी आणि भाकरी व मासळीच्या स्वयंपाकासाठी राखलेली असते.

अलीकडे पर्यटकांसाठी चालविल्या जाणाऱ्या कोकणी घरांत चूल शोभेसाठी पुन्हा घातली जाते. अशा ठिकाणी साहित्याची निवड चुकल्यास सजावट पहिल्याच हंगामात बिघडते. चुलीमागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यास तापणे-निवणे यांमुळे तो तडकतो व जांभ्यापासून सुटतो. त्यावर तेलरंग दिल्यास फोड येऊन जळका वास सुटतो. तूस मिसळलेल्या मातीचा गिलावा व त्यावर चुन्याची सफेदी वा काव हेच येथे सर्वांत टिकाऊ ठरते, कारण बिघडलेला भाग तेवढाच लिंपून दुरुस्त करता येतो. मातीवर पारदर्शक रासायनिक लेप देऊन ती कायमची करण्याचा मोह टाळावा. लेपामुळे आतील ओल अडकते आणि पापुद्रे सुटतात. कोनाडे ठेवावयाचे झाल्यास ते बसणाऱ्याच्या हाताच्या उंचीवर व जाळाच्या बाजूला असावेत. थेट चुलीमागे नसावेत. शोभेसाठी टांगलेली सुपे, टोपल्या व झावळ्यांचे विणकाम ही जाळाच्या सरळ वर येऊ देऊ नयेत, कारण धुराने ती कोरडी ठणठणीत होऊन ठिणगीने पेट घेतात.

थंड हवेच्या ठिकाणी धुराड्याचे भित्तिस्थ अग्निस्थान बांधताना लाकडी चौकट व फळी किती अंतरावर असावी, यासंबंधी अनेक देशांत नियम आहेत. अमेरिकेतील प्रचलित नियमांनुसार अग्निस्थानाच्या तोंडाच्या कडेपासून सु. १५ सेंमी. च्या आत कोणताही ज्वालाग्राही पदार्थ नसावा आणि समोरील दगडी वा फरशीची जमीन किमान सु. ४० सेंमी. पुढे व बाजूंना सु. २० सेंमी. असावी, मोठ्या तोंडाच्या अग्निस्थानास ही मापे अधिक लागतात. फळी जितकी पुढे आलेली, तितकी ती तोंडापासून उंच बसवावी लागते. कोकणातील मातीच्या चुलीपुढे बसण्याचा पाट आणि सरपण यांच्यामध्ये सारवलेल्या मोकळ्या जमिनीचा जो पट्टा ठेवीत, त्याचे काम हेच होते. रोजची रांगोळी याच पट्ट्यावर काढीत असल्याने तेथे काही ठेवण्याचा प्रश्न उद्भवत नसे.