रेगन : नजरेतली माणसं आणि नजरेआडची

अमेरिकी काँग्रेसने १९९८ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळाला रोनाल्ड रेगन यांचं नाव दिलं. या निर्णयाला विरोधही झाला आणि त्यामागचं एक कारण थेट विमानांच्या वाहतुकीशी जोडलेलं होतं. ऑगस्ट १९८१ मध्ये देशभरातले हजारो हवाई वाहतूक नियंत्रक संपावर गेले होते. केंद्र सरकारच्या नोकरांना संपाची कायद्याने मनाई होती. रेगन यांनी त्यांना ४८ तासांची मुदत दिली आणि परत न आलेल्या ११,३४५ जणांना कामावरून काढून टाकलं. याच नियंत्रकांच्या संघटनेने आधीच्या वर्षीच्या निवडणुकीत रेगन यांना पाठिंबा दिला होता. रेगन स्वतः हॉलिवूडच्या कलाकारांच्या संघटनेचे अध्यक्ष होते आणि १९६० चा संप त्यांच्याच नेतृत्वाखाली झाला होता.

५ जून २००४ रोजी ९३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. शीतयुद्ध जिंकणारा, खचलेल्या देशाला उमेद देणारा अध्यक्ष ही त्यांची एक प्रतिमा आहे. गरिबांच्या ताटातलं काढून श्रीमंतांना देणारा राज्यकर्ता ही दुसरी. दोन्ही प्रतिमांना पुरावे आहेत, म्हणूनच हा वाद मिटत नाही. त्यांच्या निर्णयांकडे एकत्र पाहिलं की मात्र एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते. समोर आलेल्या माणसासाठी रेगन आपली भूमिका बदलू शकत होते. जी माणसं त्यांच्यासमोर कधी येणारच नव्हती, त्यांना त्यांच्या कारभारात फारशी जागा नव्हती.

डिक्सन ते हॉलिवूड

रेगन यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९११ रोजी इलिनॉय राज्यातल्या टॅम्पिको या लहानशा गावात झाला. वडील बुटांच्या दुकानात विक्रेते होते आणि दारूच्या आहारी गेलेले होते. आई श्रद्धाळू, अडल्यानडल्यांना मदत करणारी. कुटुंब पुढे डिक्सनला स्थिरावलं. तिथे रॉक नदीवर जीवरक्षकाचं काम करताना आपण ७७ जणांना बुडताना वाचवलं, असं रेगन अभिमानाने सांगत. महामंदीत घरावर वाईट दिवस आले तेव्हा वडिलांना काम मिळालं ते फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारी मदत योजनेतच. तरुण रेगन रूझवेल्ट यांचे निस्सीम चाहते होते.

युरेका कॉलेजात असतानाचा एक प्रसंग त्यांच्या स्वभावाबद्दल बरंच सांगून जातो. फुटबॉल संघ प्रवासात असताना एका हॉटेलने संघातल्या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना खोली नाकारली. रेगन त्या दोघांना घेऊन डिक्सनला आपल्या घरी गेले. आईने दार उघडलं आणि त्यांचं मनापासून स्वागत केलं.

पुढे रेडिओवर निवेदन, १९३७ मध्ये वॉर्नर ब्रदर्सशी करार आणि मग पन्नासहून अधिक चित्रपट. युद्धानंतर हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांविरुद्धच्या मोहिमेत ते उतरले आणि तिथून त्यांचा राजकीय प्रवास उजवीकडे वळला. १९५४ पासून आठ वर्षं त्यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सादर केला. त्या कामाचा भाग म्हणून ते देशभरातल्या कारखान्यांत फिरून भाषणं करत. करांचं ओझं, सरकारी हस्तक्षेप आणि व्यक्तीचं स्वातंत्र्य ही त्यांच्या पुढच्या राजकारणाची सूत्रं याच दौऱ्यांत पक्की झाली. १९६२ मध्ये ते रिपब्लिकन झाले. १९६४ मध्ये पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या प्रचारासाठी दूरचित्रवाणीवर केलेल्या एका भाषणाने ते राष्ट्रीय नेते बनले. दोन वर्षांनी ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि १९८० मध्ये तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टर यांचा पराभव करून, ४४ राज्यं जिंकून, अध्यक्ष झाले.

महागाई उतरली, कर्ज वाढलं

त्यांच्या हाती आलेला देश खचलेला होता. १९८० मध्ये महागाईचा दर १३.५ टक्के होता आणि तेहरानमध्ये ५२ अमेरिकी ओलीस अडकलेले होते. सरकार हा प्रश्नाचा उपाय नसून सरकार हाच प्रश्न आहे, असं रेगन यांनी २० जानेवारी १९८१ च्या पहिल्याच भाषणात सांगितलं. प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ७० टक्क्यांवरून आधी ५० आणि १९८६ च्या कायद्याने २८ टक्क्यांपर्यंत खाली आला.

महागाई खरोखर उतरली. १९८८ मध्ये ती ४ टक्क्यांच्या आसपास होती. त्याचं मोठं श्रेय कार्टर यांनी नेमलेले मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांच्या चढ्या व्याजदरांचं. पण त्या कडू औषधामुळे १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली, तेव्हा रेगन व्होल्कर यांच्या पाठीशी उभे राहिले, हेही खरं. त्यानंतर तेजी आली आणि आठ वर्षांत दीड कोटीहून अधिक नवे रोजगार तयार झाले.

दुसरीकडे करकपात आणि संरक्षणखर्चातली प्रचंड वाढ यांचा मेळ बसला नाही. राष्ट्रीय कर्ज जवळपास तिप्पट झालं. आज त्यांचे अनुयायी सहसा सांगत नाहीत अशी गोष्ट म्हणजे तूट हाताबाहेर जाऊ लागताच रेगन यांनी १९८२ मध्ये कर वाढवले. वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची योजना वाचवण्यासाठी १९८३ मध्ये त्यांनी डेमोक्रॅट नेत्यांशी तडजोडही केली. भाषणांतले रेगन आणि कारभारातले रेगन यांच्यात हे अंतर कायम राहिलं.

ज्यांची भेट झाली नाही

सरकारी मदतीवर जगणाऱ्यांबद्दल बोलताना रेगन १९७६ च्या प्रचारापासून शिकागोतल्या एका बाईची गोष्ट सांगत. अनेक खोटी नावं लावून तिने सरकारी पैसा लाटला होता. प्रकरण खरं होतं, पण आकडे फुगवलेले होते आणि अशी माणसं विरळा होती. त्या एका चेहऱ्याआड मदतीवर मुलं वाढवणाऱ्या लाखो प्रामाणिक आया झाकल्या गेल्या. १९८१ च्या अंदाजपत्रकात अन्नकुपनं, गरीब कुटुंबांची मदत आणि शाळेतलं जेवण यांना कात्री लागली. शाळेच्या जेवणात टोमॅटो केचपसारखे पदार्थ भाजी म्हणून मोजता येतील असा प्रस्ताव पुढे आला आणि देशभर संताप उसळल्यावर तो मागे घ्यावा लागला.

ऑगस्ट १९८० मध्ये मिसिसिपीतल्या नेशोबा जत्रेत रेगन यांनी राज्यांच्या हक्कांचा पुरस्कार केला. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या तीन तरुणांची १९६४ मध्ये जिथे हत्या झाली, ती जागा तिथून जवळच होती. दक्षिणेत 'राज्यांचे हक्क' हे शब्द वंशभेदाच्या समर्थकांनी वर्षानुवर्षं वापरले होते. दोन कृष्णवर्णीय मित्रांना घरी नेणाऱ्या माणसाला ते शब्द कृष्णवर्णीयांच्या कानी कसे पडतील याची जाणीव असायला हवी होती. १९८६ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवरच्या निर्बंधांच्या कायद्यावर त्यांनी नकाराधिकार वापरला. काँग्रेसने दोन-तृतीयांश मतांनी तो मोडून काढला, त्यात त्यांच्या पक्षाचे अनेक सदस्य होते.

सर्वांत जड पान एड्सचं आहे. अमेरिकेत या आजाराची पहिली नोंद जून १९८१ मध्ये झाली. रेगन यांनी त्यावर पहिलं मोठं भाषण केलं ते ३१ मे १९८७ रोजी. तोवर २० हजारांहून अधिक अमेरिकनांचे प्राण गेले होते. हॉलिवूडमधले त्यांचे परिचित रॉक हडसन ऑक्टोबर १९८५ मध्ये याच आजाराने गेले, तेव्हा कुठे हा विषय व्हाइट हाऊसच्या दारापर्यंत पोहोचला.

समोरच्यावर विश्वास टाकण्याची त्यांची वृत्ती कधी घातकही ठरली. डिसेंबर १९८१ मध्ये एल साल्वादोरमधल्या एल मोसोते गावात अमेरिकी प्रशिक्षण मिळालेल्या लष्करी तुकडीने शेकडो गावकरी मारले, त्यात असंख्य मुलं होती. रेगन प्रशासनाने त्या बातम्यांवर अविश्वास दाखवला आणि मदत चालू ठेवली. वर्षभराने ते ग्वाटेमालाचे हुकूमशहा रिओस माँत यांना भेटले आणि त्यांच्यावर अन्याय्य टीका होते आहे, असं म्हणाले. त्याच काळात ग्वाटेमालाच्या डोंगरात माया आदिवासींची गावं जाळली जात होती. हुकूमशहा समोर बसला होता. आदिवासी तिथे नव्हते.

इराण-काँट्रा प्रकरणही याच वृत्तीतून वाढलं. लेबनॉनमधल्या ओलिसांच्या कुटुंबीयांना भेटून रेगन हेलावले होते. त्या ओलिसांच्या सुटकेसाठी इराणला गुपचूप शस्त्रं विकली गेली. त्यातला पैसा काँग्रेसने मनाई केलेली असूनही निकाराग्वाच्या 'काँट्रा' बंडखोरांकडे वळवला गेला. मार्च १९८७ मध्ये रेगन यांनी देशाला सांगितलं की शस्त्रांच्या बदल्यात ओलीस असा सौदा आपण केला नाही असं आपलं मन म्हणतं, पण पुरावे तसं म्हणत नाहीत.

समोरच्या खुर्चीतला शत्रू

याच स्वभावाने त्यांच्या हातून त्यांचं सर्वांत मोठं काम करवून घेतलं. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांच्यावर गोळीबार झाला. बरे होत असतानाच त्यांनी सोव्हिएत नेते ब्रेझनेव यांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. १९८३ मध्ये सोव्हिएत संघाला दुष्ट साम्राज्य म्हणणारा आणि अवकाशातल्या क्षेपणास्त्रकवचाची घोषणा करणारा हाच अध्यक्ष मनातून अण्वस्त्रांचा कट्टर विरोधक होता.

१९८५ मध्ये मिखाईल गोर्बाचेव सत्तेवर आले. त्या नोव्हेंबरात दोघे जिनिव्हात तलावाकाठच्या एका छोट्या घरात शेकोटीपाशी दुभाष्यांसह बोलत बसले. अणुयुद्ध जिंकता येत नाही आणि ते कधीही लढलं जाता कामा नये, असं संयुक्त निवेदन तिथून निघालं. पुढच्या वर्षी रेक्याविक इथे सगळी अण्वस्त्रं नष्ट करण्यापर्यंत बोलणी गेली आणि क्षेपणास्त्रकवचाच्या मुद्द्यावर फिसकटली. ८ डिसेंबर १९८७ रोजी मात्र मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार झाला. त्यानुसार दोन्ही देशांनी १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट केली. उजव्या गोटातले काही जुने सहकारी त्यांना भाबडे म्हणाले, पण रेगन मागे हटले नाहीत. मे १९८८ मध्ये मॉस्कोतच त्यांनी दुष्ट साम्राज्य हा शब्द वेगळ्या काळातला होता, असं मोकळेपणाने सांगितलं.

सोव्हिएत संघ रेगन यांनी पाडला, असं म्हणणं पोलंडच्या कामगारांवर, पूर्व युरोपच्या नागरिकांवर आणि बळाचा वापर टाळणाऱ्या गोर्बाचेव यांच्यावर अन्याय करणारं आहे. पण शत्रूमधला बदल ओळखून वेळेवर हात पुढे करणं, हे काम रेगन यांचं होतं.

भारताच्या वाट्याला आलेलं धोरण

अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत फौजांविरुद्धच्या लढ्यासाठी रेगन यांना पाकिस्तान हवा होता. १९८१ मध्ये त्याला ३.२ अब्ज डॉलरची मदत आणि एफ-१६ विमानं कबूल झाली. पाकिस्तानचा अणुकार्यक्रम ठाऊक असूनही त्याच्याकडे अण्वस्त्र नाही, असं प्रमाणपत्र व्हाइट हाऊस काँग्रेसला देत राहिलं. इंदिरा गांधी १९८२ मध्ये आणि राजीव गांधी १९८५ मध्ये वॉशिंग्टनला गेले, संबंधांत ऊब आली, तरी संशय उरला. भारताने मागितलेला अधिक शक्तिशाली क्रे महासंगणक अमेरिकेने नाकारला आणि हवामान अंदाजासाठी कमी क्षमतेचा दिला. या नकारानंतर १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संगणक संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला.

आजचा पक्ष आणि तेव्हाचे रेगन

रेगन यांचं नाव घेणारा रिपब्लिकन पक्ष त्यांच्यापासून बराच दूर गेला आहे. १९८६ च्या कायद्याने त्यांनी सुमारे २७ लाख बेकायदा स्थलांतरितांना कायदेशीर दर्जा मिळवून दिला. गोळीबारात जायबंदी झालेले त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी यांच्या नावाच्या बंदूकनियंत्रण विधेयकाला १९९१ मध्ये त्यांनी जाहीर पाठिंबा दिला. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी-अमेरिकनांची माफी मागून प्रत्येक हयात व्यक्तीला २० हजार डॉलर देणारा कायदा त्यांनी १९८८ मध्ये केला. युद्धात मरण पावलेल्या एका जपानी-अमेरिकी सैनिकाच्या सन्मानसोहळ्याला तरुण कॅप्टन रेगन १९४५ मध्ये हजर होते. कायद्यावर सही करण्याआधी त्या सैनिकाच्या बहिणीच्या पत्राने त्यांना त्या दिवसाची आठवण करून दिली. डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेला पुन्हा महान करण्याची घोषणा रेगन यांच्या १९८० च्या प्रचारातूनच उचलली, मात्र गोर्बाचेव यांच्याशी झालेल्या करारातून २०१९ मध्ये देशाला बाहेर काढलं तेही त्यांनीच.

५ नोव्हेंबर १९९४ रोजी रेगन यांनी देशवासीयांना स्वतःच्या हाताने पत्र लिहून आपल्याला अल्झायमर झाल्याचं कळवलं. त्या पत्राने असंख्य कुटुंबांना या आजाराबद्दल उघडपणे बोलण्याचं बळ दिलं. हा माणूस निष्ठुर नव्हता, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करावं. पण दयाळू माणूस आणि न्यायी राज्यकर्ता यांत फरक असतो. दयेला समोर चेहरा लागतो. कोट्यवधींच्या देशात बहुतेक चेहरे राज्यकर्त्याला कधीच दिसत नाहीत, आणि त्या न दिसणाऱ्यांसाठीच कायदे, योजना आणि संस्था असतात. रेगन यांनी त्याच संस्थांवरचा लोकांचा विश्वास कमी केला. अणुयुद्धाचं सावट दूर करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे, तो त्यांना द्यायलाच हवा. तरीही आपल्या देशातला एखादा लाडका नेता व्यासपीठावरून एका माणसाची हृदयस्पर्शी किंवा चीड आणणारी गोष्ट सांगेल, तेव्हा टाळी वाजवण्याआधी वाचकांनी एवढं जरूर विचारावं : या गोष्टीत नसलेल्या माणसांचं काय होणार आहे?