घरचा चित्रपट आणि आपलें कर्तव्य

धंदेवाईक लोक चित्रपट काढतात ते पैसा मिळविण्याकरितां. हौशी गृहस्थ पदरमोड करून चित्रें घेतो, आणि चार शेजारी तीं पाहावयास जमले म्हणजे कृतार्थ होतो. या छंदाकडे आपण आजवर पोरखेळ म्हणून पाहिलें. ती आपली चूक होती, हें मला फार उशिरां कळलें.

वस्तुतः आपल्याकडील चित्रपटाचा उगमच हौसेंत आहे. सावेदादा भाटवडेकर यांनीं इंग्लंडांतून कॅमेरा मागवून सन १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वीं वाटाण्याच्या अंकुराची वाढ चित्रित करून पाहिली. आणि त्यांच्या खटाटोपाला सरस्वतीबाईंचा मोठाच हातभार होता.

पुढें कोडॅक कंपनीनें १९२३ सालीं १६ मिलिमीटरची व १९३२ सालीं ८ मिलिमीटरची फीत काढली, आणि पाश्चात्य देशांत मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या हातीं कॅमेरा आला. १९२६ सालीं न्यूयॉर्क येथें 'अ‍ॅमॅच्युअर सिनेमा लीग' ही संस्था निघाली. अशा मंडळांत एकानें कथानक रचावें, दुसऱ्यानें कॅमेरा धरावा, तिसऱ्यानें दिवे सांभाळावे व तयार चित्रांतील दोष सर्वांनीं मिळून काढावे, अशी रीत पडली.

माझ्या तरुणपणीं आमच्या गांवांतहि पांचसहा मित्रांचें असें एक मंडळ होतें. १९७६ सालीं त्यांनीं माझ्या धाकट्या बंधूची मुंज ८ मिलिमीटरच्या फितीवर घेतली. तींत आमचे वडील पंगतींत आग्रह करतां करतां मागें वळून हसतात. गेल्या वर्षीं नातवंडांना आजोबा दाखवावे म्हणून मीं तीच फीत जुन्या यंत्रावर चढविली. ती वाळून आखडलेली. कडेचीं भोकें फाटलीं, फीत अडकली आणि दिव्याच्या उष्णतेनें करपली. खराब झालेला तुकडा कापून टाकावा लागला. वडिलांचें तें हास्य एका सेकंदाचें. म्हणजे १६ चित्रें, जेमतेम अडीच इंच फीत. तेवढेंच नेमकें गेलें.

येथें एक मर्म ध्यानांत ठेवावें. बहुतेक घरगुती चित्रपटांत जी फीत कॅमेऱ्यांत घातली, तीच रसायनांनीं उलटवून पडद्यावर दाखवितात. निराळी मूळ प्रत नसतेच; गेलें तें कायमचें जातें.

म्हणून वाचकांस माझी विनंती आहे. माळ्यावर असे डबे असतील तर ते खालीं काढून थंड, कोरड्या जागीं ठेवावे. फितीला शिरक्यासारखा आंबूस वास येऊं लागला तर तिचा नाश सुरू झाला, असें समजावें. हौसेनें ती जुन्या यंत्रावर लावूं नये. जाणकाराकडून आधीं तिची संगणकीय प्रत करून घ्यावी. आणि घरांतील वडीलधारीं माणसें आहेत तोंवरच, चित्रांत दिसणाऱ्या प्रत्येकाचें नांव त्यांना विचारून डब्यावर लिहून ठेवावें. फीत वांचली, परंतु तींतील माणसें ओळखणारें कोणी उरलें नाहीं, तर वांचवून काय मिळविलें?